सातवा प्रश्न, शेजारी झोपणाऱ्यासाठी

हेल्गे ल्युंडिनचा फॉर्म तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि रिकाम्या घराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "फॉर्म मी भरलाय. त्यात चूक असूच शकत नाही."

आणि खरंच, माणूस चुका करणारा नव्हता. एकतीस वर्षं त्याने स्वीडनमधल्या ओरेब्रू शहरातल्या लिफ्ट तपासल्या होत्या. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतले लोक देवाचं नाव घ्यायचे आणि हेल्गे फॉर्म काढायचा. निवृत्त झाल्यावर तो आपल्या तीन मजली इमारतीच्या सोसायटीचा सेक्रेटरी झाला. या इमारतीला लिफ्टच नव्हती. ती हौस त्याने फायलींवर भागवली. जिन्यात कोणी सायकल ठेवली, कोणी मासे तळले, कोणाचं दार जोरात आपटलं, की तक्रार यायची, तक्रारीला क्रमांक मिळायचा आणि तिच्यावर निळा शिक्का बसायचा : "नोंद घेतली. कारवाईची गरज नाही." शिक्का त्याने स्वतः बनवून घेतला होता. दोन वाक्यं एकाच शिक्क्यात आणली, म्हणजे वेळ वाचतो, असं तो म्हणायचा.

तर हा फॉर्म. ऑक्टोबरात हेल्गेच्या छातीत कळ आली, अँब्युलन्स आली, आणि हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवून घेऊन तो पाच दिवसांनी घरी परतला. आणखी दोन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या दिसल्या होत्या. तपासायला डॉक्टर नवीदी नावाची तरुण बाई होती. तिने त्याच्या जाड मानेकडे पाहिलं आणि विचारलं, "घोरता का हो?"

"नाही."

"कशावरून?"

"मला कधी ऐकू आलेलं नाही."

"बरं. दिवसा डुलकी लागते?"

"छे. वाचताना लागते, तेवढीच. आणि बातम्या बघताना. एकदा सिग्नलला लागली होती, पण तो सिग्नलच फार मोठा आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "झोपेत तुमचा घसा आतून मिटत असणार. श्वास थांबतो. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू घाबरून तुम्हाला अर्धवट जागं करतो आणि हृदय धावत सुटतं. एका रात्रीत शंभर शंभर वेळा. तुम्हाला सकाळी काही आठवत नाही, पण त्रास हृदयाने काढलेला असतो. हा आजार आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबणं, ही दोन्ही आम्हाला फार वेळा एकाच माणसात सापडतात. एक वाहिनी मी उघडून दिली. उरलेल्या दोन सांभाळायच्या तर तुमची झोप तपासायला हवी. आणि लवकर."

लवकर म्हणजे निद्रा केंद्राकडे फॉर्म पाठवायचा, फॉर्मला गुण मिळणार, गुणांप्रमाणे रांगेत जागा. बारा प्रश्न होते. अकरा हेल्गेने सुवाच्य अक्षरात भरले. सातव्यावर लिहिलं होतं : "हा प्रश्न रुग्णाच्या शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीने भरावा. झोपेत रुग्णाचा श्वास थांबलेला आपण पाहिला किंवा ऐकला आहे का? किती वेळा? सही."

हेल्गेने लिहिलं, "लागू नाही. पत्नी गुनवोर हिचं दोन वर्षांपूर्वी निधन." फॉर्म परत आला. वर शेरा : अपूर्ण. दुसऱ्यांदा त्याने लिहिलं, "रुग्णाच्या खोलीत रुग्ण स्वतः झोपतो व तोच सही करत आहे." अपूर्ण. तिसऱ्यांदा त्याने गुनवोरच्या मृत्यूचा दाखला जोडला. या खेपेला शेऱ्याआधी 'धन्यवाद' होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फॉर्मवर 'अपूर्ण' लिहिलेल्या माणसाला हा शब्द छातीतल्या कळेपेक्षा जास्त झोंबला.

शेवटी त्याने फोन केला. फोनने सांगितलं की तुम्हाला दहा बेचाळीसला उलट फोन येईल, आणि दहा बेचाळीसला आला. हेल्गेला बरं वाटलं, देशात अजून काहीतरी शिल्लक होतं. पलीकडची बाई गोड बोलत होती. सातव्याशिवाय फॉर्म साध्या रांगेत जाईल, म्हणाली. साधी रांग किती? अकरा महिने.

"अहो बाई, माझ्या दोन रक्तवाहिन्या अकरा महिने थांबायला तयार आहेत की नाही ते मी कसं सांगू?"

"समजतंय हो मला. पण सही कोणाचीही चालेल. नातेवाईक, मित्र, प्रवासातला सोबती, शेजारी. ज्याने ऐकलंय असं कोणीही. असेलच की कोणीतरी."

असेलच की कोणीतरी. हेल्गेने फोन ठेवला.

खरं सांगायचं तर गुनवोर जिवंत असती तरी तिला ही सही करता आली नसती, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी ओटची लापशी वाढता वाढता ती म्हणाली होती, "हेल्गे, रात्री तू मध्येच थांबतोस."

"थांबतोस म्हणजे? मी काय लिफ्ट आहे?"

"श्वास थांबतो रे तुझा. कोपर मारलं की सुरू होतोस."

उजव्या बरगडीवरचा जुना काळानिळा डाग कसला, याचा तेव्हा उलगडा झाला. हेल्गेला भयंकर राग आला. नवऱ्याला झोपेत मारायचं आणि वर लापशी वाढायची! त्याच दिवशी तो आपली उशी आणि पांघरूण घेऊन लहान खोलीत राहायला गेला. संध्याकाळपर्यंत गुनवोर परत बोलवेल अशी त्याची खात्री होती. तिने बोलावलं नाही. फक्त म्हणाली, "दार तरी उघडं ठेव." तेवढं त्याने ठेवलं, उपकार केल्यासारखं. सहा वर्षं ते असे दोन खोल्यांत झोपले, आणि तिला आता कशी निवांत झोप मिळत असेल, या विचाराने तो अधूनमधून कुढायचा. मग ती गेली, पोटाच्या कॅन्सरने, आणि मोठ्या खोलीत परत जायचं त्याला धैर्य झालं नाही.

साक्षीदार शोधायचा तर बोभाटा होणारच. तळघरातल्या धुलाईखोलीत हेल्गेच्या खिशातून फॉर्म पडला, तो दुसऱ्या मजल्यावरच्या कॉनीने उचलला आणि वाचूनच परत दिला.

"पायजम्याच्या सदऱ्याला पाठीमागून टेनिसचा चेंडू शिवून टाका," कॉनी म्हणाला. "उताणं झोपताच येत नाही. मी तीन वर्षं झोपतोय."

"मग थांबलं घोरणं?"

"ते बायको सांगू शकली असती. ती चेंडूला कंटाळून आईकडे गेलीय."

तिथेच चादरी घडी घालत असलेली मारियान म्हणाली, "माझ्या आत्याने चीज सोडलं आणि घोरणं कायमचं बंद."

"आता बऱ्या आहेत ना?"

"वारली. पण अगदी शांतपणे हो."

दुसऱ्या दिवशी हेल्गे सार्वजनिक वाचनालयात गेला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, रस्त्यांचे नकाशे उघडले आणि ठरवून झोपला. डुलकी फर्मास लागली. जाग आली तेव्हा ग्रंथपालबाई त्याचा खांदा हलवत होत्या.

"इथे झोपता येत नाही."

"कबूल. पण मला सांगा, माझा श्वास थांबला होता का?"

"श्वासाचं मला काय विचारता? तुमच्या घोरण्याने तीन वाचक उठून गेले!"

"उत्तम! इथे सही करा."

"सही करायचा मला अधिकार नाही," बाई म्हणाल्या. हे उत्तर हेल्गेने आयुष्यात हजारदा दिलेलं होतं. समोरून ऐकताना ते किती थंड लागतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

उरला मेहुणा. गुनवोरचा भाऊ व्हर्नर, विधुर, मोकळा आणि खाण्याचा शौकीन. रविवारी दुपारी त्याला जेवायला बोलावलं. मटारची आमटी, पॅनकेक, वर मुरंबा. मग हेल्गे सोफ्यावर आडवा झाला. व्हर्नर वही-पेन घेऊन आरामखुर्चीत बसला.

"निर्धास्त झोपा भावोजी. मी डोळ्यांत तेल घालून बसतो."

चौथ्या मिनिटाला व्हर्नर घोरायला लागला. आधी हेल्गेला संताप आला, मग उत्सुकता वाटली. व्हर्नर एकदम गप्प झाला. छाती हलायची, पण आवाज नाही, वारा नाही. हेल्गेने घड्याळ लावलं. चाळीस सेकंद. मग बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा व्हर्नर घुर्र करून वर आला आणि पुन्हा चालू. हेल्गे दोन तास वही भरत बसला. एक्काहत्तर वेळा. शेवटी त्याच्यासमोर सातव्या प्रश्नाचं असं उत्तर तयार झालं की निद्रा केंद्राने चौकटीत लावावं. फक्त ते मेहुण्याचं होतं.

त्याने व्हर्नरला फॉर्म मागवायला लावला, सातव्यात आपली सही ठोकली, आणि व्हर्नरला दोन आठवड्यांत बोलावणं आलं. "भावोजी, तुम्ही माझा जीव वाचवलात!" व्हर्नर फोनवर रडत होता. हेल्गेने त्याचं अभिनंदन केलं आणि तो आपल्या अकरा महिन्यांपाशी परत येऊन बसला.

आता राहिले शेजारी. हा शब्द हेल्गे मुद्दाम टाळत होता. कारण त्याच्या बरोबर खाली विवेका नॉर्लिंग राहायची. विवेकाबाईंनी उभा जन्म पियानो सुरात लावले होते, त्यामुळे त्यांच्या कानांना सुट्टी अशी नव्हतीच. सव्वीस वर्षं दोघं एकाच जिन्यावर राहत होती आणि एकमेकांच्या घरात कधी गेली नव्हती. त्या इमारतीत कोणीच जात नसे. बाहेर पडण्याआधी दाराच्या भोकाला डोळा लावायचा, जिन्यात कोणी असलं तर ते जाईपर्यंत आत उभं राहायचं, हा तिथला शिष्टाचार. बोलायचंच झालं तर चिठ्ठी. विवेकाबाईंनी आजवर सोसायटीला अकरा तक्रारी दिल्या होत्या. अकराही आवाजाच्या, सगळ्यांवर निळा शिक्का. आणि गेली दोन वर्षं त्या सूड उगवत होत्या. रात्री खालून छताला ठोकायच्या, बरोबर हेल्गेच्या पलंगाखाली. तो दचकून उठायचा. न घोरणाऱ्या माणसाला असं उठवायचं म्हणजे काय! त्याने जिन्यातल्या फलकावर तीनदा सूचना लावली होती : "रात्री दहानंतर ठोकाठोक करू नये. आदेशावरून, सेक्रेटरी."

त्याच बाईच्या दारात त्याला सहीसाठी उभं राहायचं होतं. चार दिवस अभिमान आणि रक्तवाहिन्या यांची ओढाताण चालली. पाचव्या दिवशी रक्तवाहिन्या जिंकल्या. त्याने बेल वाजवली. भोक काळं झालं, म्हणजे आत डोळा आला होता.

"काय काम आहे?" दाराआडून आवाज.

"एक सही हवी होती."

"लेखी द्या."

हेल्गे वर गेला, अर्ज लिहिला, खाली येऊन दाराच्या फटीतून सरकवला. अर्ध्या तासाने त्याच्या फटीतून उत्तर आलं : "गुरुवारी दोन वाजता. कॉफी मिळेल. वि. नॉ."

गुरुवारी दोन वाजता, दालचिनीच्या पावांसमोर, विवेकाबाईंनी फॉर्म वाचला. मग हेल्गेकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची काटक बाई, हातांची बोटं लांब.

"श्वास थांबलेला ऐकला आहे का," त्यांनी मोठ्याने वाचलं. "सेक्रेटरीसाहेब, हे तुम्हाला मी अकरा वेळा लिहून दिलंय. सहीनिशी. तुम्ही त्याचं काय केलंत?"

"फायलीत लावलं."

"वाचलं नाहीत?"

तक्रारीचा प्रकार कळला की खण ठरतो आणि खण ठरला की पुढचं वाचायची गरज राहत नाही, अशी त्याची पद्धत होती. ती आत्ता या बाईंना सांगावीशी वाटेना.

"वर जा. फाइल घेऊन या. माझ्यासमोर वाचा."

"नवी सही दिलीत तर—"

"आधी जुन्या."

तो गेला, फाइल घेऊन आला, आणि कॉफी निवत असताना वाचू लागला. पहिली तक्रार घोरण्याची. दुसरीही. तिसरी आठ वर्षांपूर्वीची, तो लहान खोलीत गेला त्या महिन्यातली.

"आता घोरणं लहान खोलीतून येतं. एक चाळीसला थांबलं. मग मोठ्या खोलीतून पावलं लहान खोलीपर्यंत. हलका धप्प आवाज. घोरणं सुरू. पावलं परत. दोन पंधराला पुन्हा तेच. तीन वाजता पुन्हा. रोज रात्री सहा-सात वेळा. चालणाऱ्या बाईंनी मऊ तळव्याचं काही पायात घालावं ही विनंती."

खाली हेल्गेचं स्वतःचं अक्षर : "आमच्या घरात रात्री कोणीही चालत नाही." आणि शिक्का.

त्याला तो दिवस आठवला. जेवताना त्याने गुनवोरला हसत सांगितलं होतं, "खालचीला आता पावलंही ऐकू यायला लागली. मी लिहून टाकलं, आमच्याकडे कोणी चालत नाही म्हणून." गुनवोर म्हणाली होती, "बरं केलंस." आणि शनिवारी बाजारातून जाड करड्या लोकरीचे मोजे घेऊन आली होती. भर जूनमध्ये. त्याने तिची किती चेष्टा केली होती.

चौथ्या पत्रात मोज्यांबद्दल आभार होते. "पावलं आता ऐकू येत नाहीत. फक्त तो धप्प आवाज येतो." पाचवं, सहावं, सगळ्यांत तेच, तारखा आणि वेळा. दहावं पत्र गुनवोरच्या शेवटच्या हिवाळ्यातलं होतं. "पावलं पुन्हा ऐकू येतात. पाय ओढल्यासारखी. जायला तीन मिनिटं लागतात, यायला चार. मध्ये भिंतीला टेकल्याचा आवाज. ही तक्रार नाही. त्या बाईंना कोणी मदत करणारं आहे का?"

नोंद घेतली. कारवाईची गरज नाही.

हेल्गेने अकरावं पत्र उलटलं. तारीख अंत्यविधीच्या दुसऱ्या आठवड्यातली. एकच ओळ : "नऊ फेब्रुवारीपासून कोणी चालत नाही. आपण सांत्वन स्वीकारावं." त्याच्यावरही शिक्का. नीट, सरळ, कोपऱ्यात मारलेला.

"मला वाटायचं ती निवांत झोपते," हेल्गे म्हणाला. दहा वर्षांच्या पोरासारखा तो टेबलावर डोकं ठेवून रडला, आणि विवेकाबाईंनी त्याला रडू दिलं. कॉफीचा कप तेवढा बाजूला सरकवला.

मग त्या हळूच म्हणाल्या, "एकदा खाली आली होती ती. डिसेंबरात. आधी चिठ्ठी नाही, काही नाही, सरळ बेल वाजवली. मी उघडलं. दाराच्या चौकटीला धरून उभी होती. म्हणाली, 'मी फार दिवस नसेन. तुमच्याकडे लांब दांड्याचा झाडू आहे का?'"

हेल्गेने मान वर केली. लहान खोलीच्या बरोबर खाली, विवेकाबाईंच्या छताच्या पांढऱ्या रंगावर, रुपयाएवढे गोल खळगे पडले होते. शेकड्यांनी.

"मी म्हटलं, त्यांना सांगा ना, डॉक्टरकडे जा म्हणून. ती हसली. म्हणाली, 'सांगून बघितलं. तो लगेच खोली बदलतो.'"

"आणि मी तुमच्याविरुद्ध फलकावर—"

"तीनदा. शुद्धलेखन चांगलं होतं." विवेकाबाईंनी नाक पुसलं. "ऑक्टोबरात मी आठवडाभर बहिणीकडे गेले होते. परत आले तर तुम्ही इस्पितळात. ते मला फार लागलं. तुमच्याकरता म्हणत नाही मी. मी तिला शब्द दिला होता."

त्यांनी पेन उचललं. श्वास थांबलेला ऐकला आहे का : होय. किती वेळा : "दोन वर्षं मी. त्याआधीची वर्षं त्यांच्या पत्नीने. मोजदाद सोबतच्या फायलीत." सही केली. हेल्गेने अकरा पत्रांच्या प्रती जोडल्या. शिक्क्यासकट.

निद्रा केंद्राचा फोन चौथ्या दिवशी आला. एक रात्र छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून झोपायचं झालं, आकडे पाहून डॉक्टर नवीदींनी डोक्याला हात लावला, आणि महिन्याच्या आत हेल्गेच्या पलंगाशेजारी एक यंत्र आलं. नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळीतून वारा. घसा मिटायचा म्हणाला तरी वारा मिटू देत नाही. दोन रक्तवाहिन्यांना आता बरी संधी होती.

यंत्रामुळे वेगळाच पेच उभा राहिला. विवेकाबाई म्हणाल्या, "आता आवाजच येणार नाही. मग तुम्ही आहात की नाही ते मला कळायचं कसं?" यावर रीतसर चर्चा होऊन ठरलं की हेल्गेने रोज सकाळी सातला लहान खोलीच्या जमिनीवर दोनदा पाय आपटायचा. हेल्गेने ठराव वहीत लिहिला.

पहिल्या सकाळी सव्वासातला त्याचं दार कोणीतरी बुक्क्यांनी बडवायला लागलं. भोकातून न बघताच हेल्गेने उघडलं. समोर विवेकाबाई, रात्रीच्या झग्यात, केस मोकळे, हातात लांब दांड्याचा झाडू. जिना धावत चढून आल्यामुळे त्यांना धड बोलताही येत नव्हतं.

"सात म्हणजे सात! काय ठरलं होतं? मेलात की काय असं वाटलं मला!"

"अहो, मी आपटला पाय! सातच्या ठोक्याला! दोनदा!"

"खोटं बोलू नका. माझ्या कानांना ऐकू आलं नाही असं होतच नाही."

"आपटला हो, देवाशपथ! चांगला जोरात!"

तेव्हा विवेकाबाईंनी खाली पाहिलं. मग हेल्गेनेही पाहिलं. पहाटे थंडी वाजली म्हणून त्याने मोठ्या खोलीतल्या कपाटातून जे हाती आलं ते पायात चढवलं होतं. जाड करड्या लोकरीचे मोजे. टाचेला दोनदा रफू केलेले, आणि तळवे झिजून झिजून पातळ झालेले.

विवेकाबाई झाडू हातात धरून तशाच पायरीवर बसल्या. हेल्गेही त्यांच्या शेजारी बसला. वरच्या मजल्यावरच्या दाराच्या भोकामागे कोणीतरी जिना मोकळा व्हायची वाट बघत उभं होतं, आणि दोघंही बराच वेळ उठली नाहीत.